टाचेचे दोन ठोके

थोरलीला कामावर सगळ्या जणी 'रणगाडा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं. एकोणपन्नास वर्षांची बाई. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घालतेय, आणि वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, स्टेजवर अनवाणी उभी राहून भल्याभल्या बायकांना पाणी पाजतेय. व्यावसायिक महिला शरीरसौष्ठवाचं अजिंक्यपद, आणि तेही सलग सहा वर्षं! आता तुम्ही म्हणाल, घरात काचेचं कपाट असेल, करंडक मांडलेले असतील. कसलं काय! चार करंडक पलंगाखाली, एकात नवऱ्याचे पाने-पक्कड (तो फ्रिज दुरुस्त करतो), आणि सहावा कुठं गेला ते कुणालाच आठवत नाही.

तिला हवा होता सातवा. ज्या जिममध्ये ती व्यायाम करते तिथं भिंतीवर एका जुन्या चॅम्पियन बाईचा फोटो आहे. तिचेही सहाच करंडक. दोघींना शिकवलं ते जिमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी, आणि मास्तर सारखे तो फोटो पुसत बसायचे. "सहा तिचे, सहा तुझे. एक आण, म्हणजे मलाही कळेल कुणाचा फोटो मध्ये लावायचा," असं म्हणायचे. थोरली वरवर हसायची, पण तिला ते लागायचं. त्यात डाव्या खांद्यानं दगा दिला. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरून स्पष्ट सांगितलं, "बाई, हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी हा हात डोक्याच्या वर जाणार नाही." म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि नेमकं यंदाच तिच्या वाटेत कोण उभं राहावं? तिची धाकटी जाऊ!

धाकटी अकरा वर्षांपूर्वी दिराशी लग्न करून घरात आली, तेव्हा फुंकर मारली तर उडेल अशी होती. थोरलीनंच तिला लाँड्रीत चिकटवलं, आपल्या समोर उभं केलं. ओल्या चादरी उचलताना पोरीचे हात लटलट कापायचे, म्हणून थोरलीनंच तिला मास्तरांकडं नेलं. "दोन महिने ये, हातात जरा जीव येईल." दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. धाकटीची पाठ अशी काही उघडली की मास्तरांनी चष्मा काढून पुसला. यंदा ती व्यावसायिक गटात आली. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे, असं थोरलीला वाटलं, आणि वाटलं म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली.

दोघींची दारं एकाच मजल्यावर, समोरासमोर. एका वजनकाट्यावर दोघींचं उकडलेलं चिकन मोजलं जायचं. कोण जिंकणार हा विषय कुणी काढायचा नाही, असं न बोलताच ठरलेलं. एकदा जेवताना थोरलीचा नवरा बोलून गेला, "करंडक कुणाच्या का हातात असेना, येणार तर आपल्याच घरात!" दोघींनी एकाच वेळी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. बिचारा नळ गळतोय का ते बघायला म्हणून उठला तो बराच वेळ आलाच नाही.

आता त्या लाँड्रीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. तळघर, बारा मशिनं, आणि मध्ये इस्त्रीचा लांबलचक रोलर. चादर त्यातून कडक गरम होऊन बाहेर येते. दोघींनी दोन दोन कोपरे धरायचे, मागं सरकून ताणायची, दुमडायची, पुढं यायचं, कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, परत मागं. दिवसाला सहाशे चादरी. जमीन कायम ओली, म्हणून उभं राहायला लाकडी फळ्यांचा पाट टाकलेला. आवाज इतका की शेजारचीनं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. मग समोरचीची बाजू ढिली पडली तर तिला सांगायचं कसं? थोरलीनं त्याची युक्ती काढली होती. उजव्या टाचेनं फळीवर दोन ठोके मारायचे. ठक, ठक. ऐकू येत नाहीत, पण फळीतून समोरचीच्या तळपायाला कळतात, की तिनं ताणलंच. धाकटीचं लक्ष उडायचं, मग ठक-ठक. अकरा वर्षांत असे किती ठोके झाले असतील कोण जाणे. सगळे थोरलीचे. धाकटीवर ठोके मारायची पाळी कधी आली नाही, कारण थोरलीची बाजू कधी ढिली पडलीच नाही.

धाकटीची खोडही तीच होती. स्टेजवर पोझ घेताना बाई दगडात कोरल्यासारखी, पण दोन पोझच्या मध्ये 'सहज उभ्या राहा' म्हटलं, की खरंच सहज उभी राहायची. मांड्या सैल! मास्तर कपाळाला हात लावायचे. "अगं, त्या सहज उभं राहण्यात काहीही सहज नसतं! तोंड तेवढं हसरं ठेवायचं, बाकी सगळं ताणलेलं. परीक्षक तेव्हाच पायांकडं बघतात." धाकटी हो हो म्हणायची आणि पुन्हा तेच करायची.

स्पर्धेच्या आधीचा आठवडा म्हणजे अर्धी झोप आणि अर्धी जाग. खाणं कमी, मीठ बंद, पाणी घोट घोट. कातडी कागदासारखी पातळ होते आणि खालचा एकेक स्नायू उठून दिसतो, पण डोकं मात्र कुठल्या कुठं तरंगत असतं. थोरली रोलरपाशी वाफेत उभी असायची आणि उभ्या उभ्या स्वप्नं बघायची. एकदा तिला दिसलं, की हातातली चादर संपतच नाहीये. भिंतीतून पलीकडं गेलीय, रस्ता ओलांडून गेलीय, आणि दुसरं टोक कुणीतरी खूप लांब धरून उभं आहे. कोण ते दिसत नाही, पण धरलंय घट्ट. तिला बरं वाटलं. एकदा तिला फिल्मवरचा आपला खांदा दिसला. त्यातून झुळझुळ पाणी वाहत होतं आणि ती ओंजळीनं पीत होती. जागी झाली तेव्हा हातात उशीचा अभ्रा होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दोघींनी एकमेकींच्या पाठीला रंग लावला. स्टेजच्या दिव्यांत स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगाला गडद तपकिरी रंग फासतात, आणि स्वतःच्या पाठीला हात कुणाचा पोहोचतोय? मेकअपच्या खोलीत खुर्च्यांवर लाँड्रीतल्या बाद चादरी अंथरल्या होत्या. थोरली धाकटीच्या पाठीवरून स्पंज फिरवत होती. काय पाठ होती! ही पाठ मी केली, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच, हीच मला खाणार, असंही आलं.

"ताई, एक सांगू?" धाकटी म्हणाली. "आज तुम्हीच जिंकावं असं वाटतं मला."

"खोटं बोलू नकोस. घाम फुटेल आणि रंग ओघळेल."

धाकटीनं आरशातून तिच्याकडं पाहिलं. "बरं. मला जिंकायचंय."

"आता कशी बोललीस! हात वर कर, काखेत राहिलंय."

दुपारी तीनला स्टेजवर दहा जणी होत्या. थोरली पाच नंबर, धाकटी आठ. मुख्य परीक्षक नंबर पुकारून बायकांना जागा बदलायला लावतात. ज्यांच्यात खरी लढत असते त्यांना मध्ये आणतात, बाकीच्या कडेला सरकत जातात. तासाभरानं पुकारा झाला, "पाच आणि आठ, मध्ये या." सगळ्या हॉलला कळलं. दोघी जावा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. दंड झाले, छाती झाली, पाठ झाली. पाठीच्या पोझला डावा हात वर नेताना थोरलीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण हात गेला वर. हॉल उठून उभा राहिला. खाली मास्तरांनी दोन्ही मुठी आवळल्या होत्या.

"सहज उभ्या राहा," परीक्षक म्हणाले आणि मान खाली घालून लिहायला लागले.

थोरली उभी राहिली. सगळं ताणलेलं, चेहरा हसरा. दिवे पांढरेफेक, आणि गरम. त्या पांढऱ्यात तिला वाफ दिसायला लागली. मशिनांची घरघर आली. हातात चादर आली, कडक, गरम, साबणाच्या वासाची. तिनं ताणली. पुढं सरकली, मागं सरकली. किती छान चाललं होतं! खांदा दुखत नव्हता, तहान नव्हती, आणि चादरीचं दुसरं टोक आता लांब नव्हतं, अगदी शेजारीच होतं. आणि मग तिला जाणवलं, की त्या टोकाकडची बाजू सैल पडतेय. नेहमीसारखीच. पोरीचं लक्ष उडालंय.

तिनं टाचेनं दोन ठोके मारले. ठक, ठक.

स्टेजही लाकडी फळ्यांचंच. शेजारी धाकटीच्या मांड्या एका क्षणात दोरखंडासारख्या आवळल्या गेल्या. परीक्षकांनी मान वर केली आणि आठ नंबरच्या पायांकडं बघत राहिले.

एका मतानं धाकटी जिंकली.

निकालानंतर एका परीक्षकांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "पाठीत तुमची जुनी पुढं होती हो. शेवटी पायांवर गेलं. नवीचे पाय त्या वेळी सैल असते ना, तर निकाल उलटा होता." मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाच उचललेली पाहिली होती. त्यांच्यामुळं ते हॉलभर झालं, आणि जो तो थोरलीचे हात हातात घेऊन म्हणायला लागला, केवढं हे मन! आपल्या हातानं मुकुट काढून दिला!

"कसलं डोंबलाचं मन!" थोरली भडकली. "झोप लागली होती मला! उभ्या उभ्या झोप लागली होती!"

सगळे हसले. केवढा विनय, म्हणाले. तिला वाटलं, एकेकाला उचलून रोलरमध्ये घालावं.

मेकअपच्या खोलीत धाकटी बाद चादर गुंडाळून बसली होती. करंडक पायाशी, आणि रडून रडून तोंडावरचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरलेला. थोरलीनं दार लावलं, पाण्याची बाटली उघडली आणि एका दमात अर्धी संपवली. आठवड्यानं पोटभर पाणी, आणि त्याला चवच नव्हती.

"ऐकू आलं होतं तुला?"

"पायाला कळलं, ताई."

"मग कळलं नाही असं करायचं होतंस! ताणलंस कशाला?"

"सवय," धाकटी मुसमुसत म्हणाली. "तुम्हीच लावलेली."

थोरली तिच्याशेजारी धपकन बसली. खुर्ची करकरली. तिच्या आयुष्यात इतकं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं, आणि ते लपवायची ताकदही उरली नव्हती. ती हमसून हमसून रडली, अगदी लहान मुलीसारखी. धाकटीनं बाटली तिच्या हातातून घेऊन उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"एक लक्षात ठेव," नाक पुसत थोरली म्हणाली. "हे सगळे काय वाटेल ते बडबडतील. मी जागी असते ना, तर नसते मारले ते ठोके. कळलं? मेले असते तरी नसते मारले."

"ठाऊक आहे मला," धाकटी म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही नसते मारले."

हे ऐकून थोरलीला जरा बरं वाटलं. त्या दिवसात तेवढंच एक खरं कुणी बोललं होतं.

सोमवारी दोघी कामावर हजर. बायकांनी टाळ्या वाजवल्या, 'रणगाडा आणि रणगाडी' म्हणून चिडवलं, आणि मग मशिनं सुरू झाली तशा टाळ्या आणि चिडवणं दोन्ही बुडून गेली. थोरलीनं आता भरपूर खाल्लं होतं, प्यायलं होतं, तरी डोकं रविवारीच अडकलेलं. वाफ वर चढत होती. चादर, कोपरा, मागं, पुढं. तिला भिंतीवरचा तो फोटो दिसत होता, आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा. सहा तिचे, सहा तुझे. आता मास्तर तिथं तिचा फोटो लावतील, दोन्ही पुसतील, पण मध्ये कुणाचाच लावणार नाहीत. पुढच्या वर्षी हा हात वर जाणार नाही. काल जितका वर गेला तितका आता कधीच नाही. तिचा डावा खांदा हळूहळू खाली उतरला, बोटं सैलावली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडची चादर मध्येच झोळ पडून लोंबायला लागली.

ठक, ठक.

थोरलीच्या तळपायातून ते वर गेलं. तिनं मान वर केली. चादरीच्या पलीकडं धाकटी उभी होती. टक्क जागी. दोन्ही कोपरे घट्ट धरून तिच्याकडं बघत होती. चेहऱ्यावर ना दया, ना हसू. काम करताना थोरली तिच्याकडं बघायची, तशीच ती बघत होती.

आधी थोरलीच्या नाकाच्या शेंड्यावर राग आला. कालची पोर मला ठोके मारते? मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वाफेत ते कुणाला दिसलं नाही. रोलरमधून पुढची चादर बाहेर यायला लागली होती.

तिनं डावा हात पुन्हा उचलला, दुखला तरी उचलला, आणि चादर ताणली.