मागचा डावा दिवा

ये माय, सरक जवळ. नागपुरात बसली असशील, तरी हे वाचेपर्यंत माझ्या बाजूला बस. परवा फोनवर काय म्हणाली तू? "आजी, मामा बरोबर म्हणून राहिला, देऊन टाक न गाडी." काहून गं? मला विचारलं का आधी, काय झालं ते? मामाचं ऐकलं आन् निकाल लावून मोकळी! लाडाची नात आहेस म्हणून एवढ्यावरच सोडते. आता माझं ऐक.

नोकरीभर मी नर्स म्हणून पायी फिरले. सावरगाव, तिगाव, कुठं कुठं. नाहीतर कोणाच्या सायकलच्या कॅरिअरवर, कोणाच्या बैलगाडीत. रिटायर झाले आन् ही जुनी गाडी घेतली, साठीच्या पुढं चालवायला शिकले. तेव्हापासून कुठं जायचं तर कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. दुसऱ्याला ती गाडी दिसते. मला ते न पाहावं लागणं दिसते.

तर मागच्या आठवड्यात मोहगावहून, बहिणीच्या बगिच्यातून संत्रा घेऊन आले. तुझा मामा मोटरसायकलवर मागून येत होता. पांढुर्ण्यात घरापुढं उतरला आन् सुरूच झाला.

"आई, तुह्या गाडीचा मागचा डावा दिवा लागत नाही. एखांदा ट्रक येऊन धडकला मंजे?"

हे खरं होतं. खऱ्याला मी नाही म्हणत नाही. पण पुढं म्हणतो, "आता वय झालं तुहं. सौसरचा एक माणूस गाडी घ्याले तयार आहे. रविवारी येऊन राहिला."

"दिवा गाडीचा गेला का माहा?" मी म्हटलं. "रविवारपर्यंत दोन्ही दिवे लागले तर गाडी राहीन. बोल!"

"लाव," म्हणाला. वरून हसला. ते हसणंच मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी गेले गाडीच्या मिस्त्रीकडे. त्यानं दुरूनच पाहिलं. "सारी वायरिंग बदला लागन. आठ दिवस गाडी सोडून जा. घरी कोणी माणूस नाही का आजी, बोलाले?"

"मी काय म्हैस आहो का?" म्हटलं, आन् गाडी वळवली. आठ दिवसांत तर रविवार निघून गेला असता.

घरी पहिले बल्ब बदलला. तीच माझी पहिली चूक, न पाहता बदलला. दिवा तसाच. मग शेजारच्या बाईला गाडीच्या मागं उभं केलं आन् मी ब्रेक दाबला.

"लागला का वो?"

"उजवा चांगला लागला. डावा म्हाताऱ्यावानी पाहून राहिला."

"म्हाताऱ्याचं नाव नका घेऊ आज! आता इंडिकेटर देतो, पाहा."

"अवं बाई! आता तर इंडिकेटरसंगं तोही डोळा मिचकावून राहिला!"

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. बल्ब गेला असता तर ठार अंधार असता. वायर तुटली असती तरी अंधारच. हा तर मिणमिणत होता, आन् शेजारच्या दिव्याच्या संगतीनं मिचकावत होता. म्हणजे करंट येऊन राहिला होता, त्याला परत जायची वाट सापडत नव्हती. घरची कपड्याची प्रेस, मिक्सर मीच खोलते, एवढं कळते मला. गाडीत ती वाट म्हणजे दिव्याची काळी वायर, गाडीच्या पत्र्याला बोल्टानं कसलेली.

खात्री करायला एक वायरचा तुकडा घेतला. एक टोक काळ्या वायरला, दुसरं चकचकीत पत्र्याला. बाईला बसवलं ब्रेकवर. डावा दिवा असा लाल लागला, की मी तिथंच टाळी वाजवली!

मग डिक्कीतली सतरंजी उचलली, आन् खाली मान घातली. आपल्याकडे संत्रा निघाला की कोणाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. मी डिक्कीत संत्र्याचं पोतं टाकायची, फळ सुकू नये म्हणून त्यावर पाणी मारायची, आन् वाटत फिरायची. त्यातलं एखादं फुटायचं. ते आंबट पाणी वर्षानुवर्षं झिरपून बरोबर त्या बोल्टावर. बोल्ट गंजून तांबडा. माझ्याच मायेनं खाल्ला होता त्याला.

बोल्ट काढला, पत्रा घासून चमकवला, नवा बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन फासलं. दिवा लागला.

रविवारी तो सौसरचा माणूस बसनं आला. मी चहा दिला, म्हटलं, "भाऊ, गाडी विकाची नाही. पण तुम्हाले फुकटचा हेलपाटा झाला, मी सोडून देतो सौसरले." मामाला म्हटलं, "तू मोटरसायकलवर मागं राहा. दिव्यावरून नजर हलवू नको."

अंधार पडत होता. सौसरला तो माणूस उतरला, मामा बाजूला आला. मोटरसायकल बंद केली. मग म्हणाला, "दोन्ही लागून राहिले."

"संत्रा माहा, चूक माही, दुरुस्ती माही," मी म्हटलं. "मंग गाडी दुसऱ्याची काहून?"

गाडी दारात उभी आहे. डिक्कीत आता प्लास्टिकचा टब ठेवला आहे, संत्रा त्यातच. बहिणीच्या बगिच्यात अजून झाडं लदलेली आहेत. तू लवकर ये माय, पुढच्याच सुटीत. स्टेशनवर घ्यायला मामा नाही येणार, मी येईन. आन् गाडीत बसायच्या आधी एकदा मागं जाऊन उभी राहशील, मी ब्रेक दाबीन.