पावणेसातचा रस्ता

मे महिन्याच्या सुट्टीत मी दौंडला भावाकडे होते. सकाळी वहिनीबरोबर लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते, तेवढ्यात शाळेतल्या भानुदास शिपायाचा फोन आला. “बाई, तांबोळी सर गेले.” मी विचारलं, “कुठं गेले?” खरंच विचारलं. सुट्टीत सर कधी कुठं जात नसत, म्हणून नवल वाटलं असेल. पलीकडं भानुदास रडायला लागला, मग मला कळलं. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. चौफुला, न्हावरे, तळेगाव करत गाड्या बदलत मी शिक्रापूरला, आमच्या शाळेच्या गावी पोचले, तोवर माणसं कब्रस्तानातून परत येत होती.

सरांच्या अंगणात शंभरेक जण उभे होते. कुणी कंपनीच्या शर्टात, कुणी कडेवर लेकरू घेतलेला, एक जण पोलिसाच्या वर्दीतला. सगळे सरांच्या स्काऊट पथकातले, वेगवेगळ्या वर्षांचे. कुणी सांगितलं नव्हतं तरी ते ओळीत उभे होते, उंचीप्रमाणं. वढू बुद्रुकचे एक आबाही आले होते. वढूला संभाजी महाराजांच्या पुण्यतिथीला गर्दी लोटते, तेव्हा सर दरवर्षी मुलांना घेऊन तिथं जात आणि लोकांच्या चपला जोडीजोडीनं लावत. आबा मला म्हणाले, “एवढ्या गर्दीत कवा कुणाची चप्पल हरवली न्हाई बघा. मास्तर सोता वाकून लावायचे.” एवढं बोलून ते भिंतीला टेकून बसले.

हमीद तांबोळी आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि स्काऊटचं पथक चालवायचे. मी मराठी शिकवते. मुलींचं गाईड पथक माझ्याकडं होतं. वर्गात सरांची भाषा पुस्तकातली असे, मैदानात उतरले की गावाकडची. दोराच्या गाठी शिकवताना म्हणायचे, “गाठ अशी मारा की वढली तर सुटू नये, आन् सोडायची म्हटली तर दातं लावायला लागू नयेत.” त्यांचं अंग सडपातळ, चालणं झपाझप. रागावले की आवाज चढायच्या ऐवजी खाली जायचा. त्यांचा तो खालचा आवाज ऐकला की आठवी-नववीची दांडगी पोरंही गप्प होत.

मला त्यांची नीट ओळख झाली ती भांडगावच्या शिबिरात. एका शेतकऱ्यानं ऊस तोडून झालेलं रान आम्हाला दिलं होतं. थंडीचे दिवस होते, रात्रभर दव पडून लाकडं ओली झाली होती. सकाळी मुलं-मुली चुली पेटवायला बसली आणि नुसता धूर झाला. माझ्या पथकात सातवीतली रोशनी नावाची मुलगी होती. वडील कंपनीत कामाला, आई कँटीनमध्ये पोळ्या लाटायला. उत्तरेकडून येऊन दोनच वर्षं झाली होती, मराठी बोलायला ती लाजायची. ती उठली, बांधावरच्या ढिगाखालचं उसाचं वाळकं पाचट गोळा करून आणलं, त्याचा पीळ करून चुलीत सारला, फुंकणीनं दोनदा फुंकलं, आणि जाळ झाला. सर लांबून बघत होते. जवळ येऊन त्यांनी सगळ्यांना बोलावलं. “आजपासनं चुलीची मालकीण रोशनी. तिला इचारल्याबिगर कुणी लाकूड लावायचं न्हाई.” तीन दिवस ती पोर कंबरेवर हात ठेवून हुकूम सोडत होती, तेही मराठीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी दौंडला मेळावा होता. संचलनात आमच्या मुलींचे पाय जुळत नव्हते. आमची शाळा सकाळची. साडेबाराला सुटते. सुटल्यावर सगळी मुलं घोळक्यानं हमरस्ता ओलांडत, घोळका बघून गाड्या थांबत. शाळा एका बाजूला आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या दुसऱ्या बाजूला, मध्ये पुणे-नगर रस्ता. त्या दिवशी मी सहा मुलींना सरावासाठी दीडपर्यंत थांबवून घेतलं. सराव चांगला झाला. पाच जणी शाळेच्या बाजूच्याच होत्या. पलीकडं एकटी रोशनी जाणार होती. मी निशाणं गोळा करत होते. “नीट जा गं,” म्हटलं. “जी मॅडम,” म्हणाली आणि गेली.

पुढचं मी आजवर कुठं लिहिलं नाही, आजही थोडक्यातच लिहिते. आवाज मी ऐकला, पण पाय हलले नाहीत. साहित्याच्या खोलीतून सर पळत गेले. त्यांनी तिला उचललं, एका टेम्पोत घातलं आणि स्वतः बसून गेले. दवाखान्यापर्यंत ती राहिली नाही.

गावानं रस्ता अडवला. अधिकारी आले, गतिरोधक करतो म्हणाले. ट्रकवाला पकडला गेला. माझ्याकडं मात्र कुणी बोट दाखवलं नाही. सरावासाठी कोणी थांबवलं होतं, हे कुणी विचारलंच नाही. पोरीला एवढ्या लांब गावी कुठं न्यायचं म्हणून तिच्या आईबापांनी इथंच तिला निरोप दिला. मी लांब उभी होते. तिच्या आईसमोर जायची माझी छाती झाली नाही.

आठव्या दिवशी मी गाईडचं काम सोडत असल्याचा अर्ज लिहिला आणि मुख्याध्यापकांकडं द्या म्हणून सरांच्या हातात ठेवला. त्यांनी वाचला, घडी करून खिशात टाकला. “उद्या सकाळी साडेसहाला रस्त्यावर या. शिट्टी घेऊन.”

“सर, माझ्यामुळं...”

“बाई, म्या बी शाळंतच व्हतो. म्या बी तिला फाटकापत्तोर पोचवाय गेलो न्हाई. ह्ये वझं दोघांचं हाय. रडू नका आसं मी म्हणत न्हाई. पर रडायचं ते रस्त्यावर हुभं राहून रडा. तिथं पोरं येत्यात.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. सर आधीच उभे होते, गणवेशात, गळ्यात स्काऊटचा स्कार्फ. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांनी एकेक जाड दोर धरायला लावला होता, दोन्ही टोकांना दोन-दोन मोठे स्काऊट. दोरामागं मुलं जमायची. पावणेसातला सर दुभाजकाजवळ जाऊन हात वर करत, शिट्टी वाजवत, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्याची खात्री करत, आणि मगच दोर खाली व्हायचा. स्काऊटांनी पहिली-दुसरीच्या लेकरांचे हात धरायचे, मधोमध रेंगाळणाऱ्याला पुढं काढायचं. पण डांबरावर पहारा द्यायला सरांनी कधी पोरगं उभं केलं नाही. “रस्त्यावर मोठ्या माणसानं हुभं ऱ्हायचं. पोरांनी दोर धरायचा.” हा नियम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही.

पहिले काही महिने ट्रकवाले शिव्या घालत. एकानं ब्रेक उशिरा दाबला आणि त्याच्या आरशाचा फटका बसून सरांचा उजवा हात मनगटात मोडला. मुख्याध्यापकांनी लेखी कळवलं की अशा कामाची जबाबदारी शाळेवर राहणार नाही, सबब ते बंद करावं. सरांनी डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात एका ओळीचं उत्तर लिहिलं, “मी शाळा भरण्यापूर्वी उभा असतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही.” मी म्हटलं, “अहो सर, दुपारी शाळा सुटताना पण उभे असता ना!” तर म्हणाले, “तवा शाळा सुटल्याली असती.” त्या वर्षात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

वर्ष उलटून गेल्यावर जूनमध्ये रोशनीची आई, ललिता, धाकट्या मुलीचा हात धरून दोराशी आली. तोवर मी तिला रोज पलीकडून बघत होते, ती कँटीनला जायची आणि मी दुसरीकडं तोंड फिरवायचे. ती सरळ माझ्यापुढं उभी राहिली. “मैडम, इसका पाँचवीं में नाम लिखाया है. इसको भी गले का वो कपड़ा दीजिए.” म्हणजे स्कार्फ. मी सरांकडं वळून बघितलं. सरांनी सगळी मुलं पलीकडं नेली, दोर गुंडाळला, आणि माझ्याजवळ येऊन त्या खालच्या आवाजात म्हणाले, “आता सांगा त्यांना.”

मी सांगितलं. मोडक्या हिंदीत, रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगितलं की त्या दिवशी मी तिला थांबवून घेतलं होतं, मी तिला एकटीला सोडलं... ललिता म्हणाली, “मालूम है मैडम. सुबह घर से बोल के गई थी, आज देर होगी, परेड है. नई रिबन लगा के गई थी. बहुत खुश थी.” आणि पुढं म्हणाली, “आप एक साल से मुँह घुमा लेती हैं. मुझे लगा, आपको मालूम नहीं कि वो खुश थी.”

सर पाठ फिरवून उभे होते. त्यांचे खांदे हलताना मी तेवढं एकदाच पाहिलं. नंतर वळून ते त्या लहानीला म्हणाले, “कपड़ा ऐसे नहीं मिलेगा बेटा. पहले गाँठ सीखना पड़ेगा.” ती शिकली. तीन वर्षं माझ्या पथकात होती, दोर धरायची. आता लग्न होऊन सणसवाडीला असते.

सतरा वर्षं आम्ही उभे राहिलो. सांगितलेला गतिरोधक एकदा झाला, झिजून गेला. रस्ता रुंद झाला, ट्रक दुप्पट झाले. सर निवृत्त झाले तरी पावणेसातची वेळ कधी चुकली नाही. स्काऊटचं पथक नव्या शिक्षकांकडं गेलं, तेही दोर घेऊन येऊ लागले. गेल्या वर्षी सरांच्या हृदयाचं दुखणं निघालं. दहा पावलं टाकली की धाप लागायची. मग मी मध्ये उभी राहायला लागले आणि सर कडेला चहावाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. यंदाच्या एप्रिलमधला शाळेचा शेवटचा दिवस होता. मुलं गेल्यावर मी घाम पुसत त्यांच्याजवळ आले. वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील. तर म्हणाले, “बाई, हात खांद्याच्या वर घ्या. डायवरला तळवा दिसला पायजे. जूनपत्तोर सवय करा.” हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दफनाच्या दिवशी घरात रशीदाभाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, कोपऱ्यात बसल्या होत्या. शेजारी त्यांचा हात धरून ललिता. भाभी मला म्हणाल्या, “सुट्टी लागली तरी साडेपाचला उठून बूट घालून बसायचे. म्या म्हणायची, अवो शाळंला सुट्टी हाय. तर म्हणायचे, ट्रकांना कुठं हाय?” सकाळी असेच बूट घालून बसले आणि बसल्या जागी मान कलली, असं त्यांनी सांगितलं.

जूनमध्ये शाळा भरली. पहिल्या दिवशी मी मध्ये जाऊन टाचा जुळवून उभी राहिले. पुण्याकडून दुधाचा एक टँकर येत होता. मी अजून हात उचललाही नव्हता. तिथं रस्त्यावर पांढरे पट्टे नाहीत, सिग्नल नाही, फलक नाही. टँकरनं लांबूनच वेग कमी केला आणि दोराच्या बरोबर समोर येऊन थांबला. त्याच्यामागं ट्रक, त्यामागं कंपनीची बस, दोन्हीकडं एकेक करून सगळं थांबत गेलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. टँकरच्या चालकानं खिडकीतून डोकं काढलं, कडेला नजर टाकली आणि विचारलं, “मास्टरजी नहीं दिख रहे?”

मी नकारार्थी मान हलवली. त्याला कळलं की नाही ते मला कळलं नाही. मुलं ओलांडायला लागली होती, त्यांच्याकडं बघणं भाग होतं. शेवटचं लेकरू पलीकडं पोचलं, दोर वर झाला, मी कडेला आले आणि जा म्हणून खूण केली. टँकर जागचा हलला नाही. चालकानं इंजिन बंद केलं होतं. दोन्हीकडच्या बाकीच्यांनीही एकामागून एक बंद केली असावीत, कारण त्या रस्त्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला पलीकडून शाळेची प्रार्थना ऐकू आली.