विटांची बॅग

चेनवालीच्या दुकानातून दुरुस्त झालेली बॅग सहजासहजी सुटत नसे. चेन बदलली, रनर बसवला, चाकं नवी घातली, की ही बाई त्या बॅगेत विटा भरायची आणि दुकानासमोरच्या दगडी पायऱ्यांवरून थेट वरच्या रस्त्यापर्यंत ओढत न्यायची. गिऱ्हाईक डोळे फाडून बघत राहायचं.

"मावशी, मी यात कपडे नेणार आहे हो, घर बांधायला नाही निघालो!"

चेनवाली ढिम्म. "प्रवासात बॅगेवर काय काय पडतं ते बॅगेला विचार. विटांना टिकली तर कपड्यांना टिकेल."

सगळ्या जगाला चेन लावणाऱ्या या बाईच्या तोंडाला मात्र चेन नाही, असं तिचा नवरा सांगायचा. अर्थात, ती आसपास नाही ना, हे बघून. नवरा बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला. म्हणजे बघा, यानं जन्मभर लोकांचं सामान बोटींत चढवलं, हिनं जन्मभर लोकांच्या बॅगा शिवल्या, आणि दोघं मिळून गेले कुठं? तर मेव्हणीकडे. तेही ती आजारी पडली म्हणून.

लग्नाच्या नव्या नवलाईत तो बोलून गेला होता, "एकदा तुला समुद्रापलीकडे नेतो. मी इथं चढवतो ते तिथं उतरवतं कोण, ते तरी बघू." मग मुलगा झाला, मुलाचं शिक्षण झालं, सासूबाईंनी अंथरूण धरलं, मुलानं घर बांधायला काढलं. बोटी सुटत राहिल्या आणि ही दोघं धक्क्यावरच.

यंदा नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तो चालता झाला आणि चेनवालीनं कोणाला न विचारता बोटीची दोन तिकिटं काढली. शेजारच्या औषधवालीला कळलं, म्हणजे गल्लीला कळलं. "या वयात? बदललेल्या गुडघ्यानं? धन्य आहे बाई!" असं म्हणत तिनं खोकल्याच्या प्रत्येक बाटलीबरोबर ही बातमी फुकट दिली. संध्याकाळी मुलगा दारात हजर.

"आई, तिकिटं रद्द कर."

"का?"

"बाबांचा गुडघा अजून नवा आहे."

"म्हणूनच जातोय. जुना व्हायची वाट बघू का?"

"पुढच्या वर्षी मी नेतो ना! व्हीलचेअर सांगतो, बरोबर माणूस देतो, सगळी सोय करतो."

"तू नेशील तेव्हा आम्ही सामान असू. आत्ता प्रवासी आहोत."

मुलगा बापाकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

"सांगून बघितलंय मी. लग्न झालं त्याच आठवड्यात. तेव्हापासून गप्प आहे."

पोरगाही शेवटी तिचाच. हट्टाला पेटला. "ठीक आहे. बाबांनी बॅग घेऊन समोरच्या पायऱ्या चढून दाखवाव्यात. न थांबता वर पोचले तर मी तोंड उघडणार नाही. थांबले तर तिकिटं रद्द."

"उद्या सकाळी," चेनवाली म्हणाली. बोलून गेली खरी.

सकाळी औषधवालीनं आधी खुर्ची बाहेर काढली, मग दुकान उघडलं. क्रेनवाल्यानं बॅग उचलली. पहिल्या पायऱ्या बऱ्या गेल्या. पुढं श्वास फुलला, मान लाल झाली. अर्ध्यावर त्यानं बॅग आडवी केली आणि तिच्यावर बसकण मारली.

"झालं!" मुलगा धावत वर गेला. "आई, ठरलंय आपलं. उठा बाबा, आणा ती बॅग इकडे." बाप सरकून पायरीवर बसला, तसं त्यानं एका हातानं बॅग खेचली. बॅग जागची हलली नाही, तोच पडता पडता वाचला. चेन उघडून बघतो तर आत विटा.

"आई! विटा?"

चेनवालीनं कपाळावर हात मारला. सकाळी बॅग हाताशी आली आणि सवयीनं भरली गेली होती. "अहो, तुम्ही बोलला कसे नाहीत?"

"मला वाटलं, तुझ्या दुकानाचा नियम आहे," नवरा घाम पुसत म्हणाला. "मी कशाला मोडू?"

खाली औषधवाली फिदीफिदी हसत होती. मुलगा ओशाळला, पण हटला नाही. "बरं, विटा काढा. रिकामी बॅग घेऊन पुन्हा खालून सुरू करा."

"अजिबात नाही," चेनवाली तरातरा पायऱ्या चढून आली. "चाचणी बॅगेची घेतात, माणसाची नाही. काल तुझ्या नादाला लागले, तीच माझी चूक. दमले तर बसतील. समुद्रापलीकडे बसायला बंदी आहे का?"

"आणि तिकडे काही झालं म्हणजे?" मुलाचा आवाज आता वेगळाच लागला होता.

"इथं खिडकीत बसूनही होतंच की रे," ती म्हणाली. तेवढं एकच वाक्य हळू.

तेवढ्यात क्रेनवाला कठडा धरून उठला. "भार अर्ध्यावर लोंबकळत ठेवायचा नाही. जन्मभर पाळलंय मी." विटांसकट बॅग उचलून तो वर निघाला. आणखी दोनदा बसला. मुलानं दोनदा हात पुढे केला आणि आईच्या नजरेनं दोनदा मागे घेतला. वर पोचल्यावर बाप बॅगेवर बसून बंदराकडे बघत राहिला. मुलगा तिकिटांबद्दल चकार शब्द बोलला नाही.

"मी तर पहिल्यापासून म्हणत होते, जातील म्हणून," औषधवालीनं त्याच दिवसापासून सांगायला सुरुवात केली.

निघायच्या दिवशी बॅगेत कपडेच होते. पण क्रेनवाल्याच्या हाताला विटांची सवय लागलेली. त्यानं बॅग अशी काही उचलली की ती हातातून सुटली आणि थेट पोहोचवायला आलेल्या मुलाच्या नडगीवर आदळली.

"लागलं का रे?" चेनवालीनं विचारलं.

"नाही."

"मग बाजूला हो, प्रवाशांना वाट दे."

आणि मागे न बघता ती नवऱ्याच्या पुढे बोटीची शिडी चढली.