तळ्याच्या पाळीवरून मेहुणीची बॅटिंग

माझ्या मेहुणीसारखी ऑलराउंडर या देशात दुसरी झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो; आणि त्यातली निम्मी ऑलराउंडर मी पाहिलीच नाही, हेही त्याच दमात कबूल करतो. तिची बॉलिंग मी पाहिली. बॅटिंग पाहायला मला मनाई होती. मनाई तिचीच.

आमचं गाव नागभीडजवळ, सासुरवाडी दोन घरं पलीकडे. ही बाई कुणाच्या हातात काही देत नाही, फेकते. लिंबू, किल्ल्या, एकदा तर माझा चष्मा. सासरे तळ्यात जाळं टाकायचे, ही लहानपणापासून सोबत. खांदा तिथेच तयार झाला. रोवणीत बांधावरून धानाच्या रोपांच्या पेंढ्या अशा भिरकावायची, की चिखलात वाकलेल्या बाईनं मान वर न करता हात मागे केला की पेंढी हातात. पुढे भारताकडून खेळताना तिनं सीमारेषेवरून थेट स्टंप उडवला, तेव्हा समालोचक तिच्या कोचचं कौतुक करत बसला. सासूबाई टीव्हीला म्हणाल्या, "अरे बावा, पेंढी फेकली तिनं!" परदेश दौऱ्यावरही तिच्या बॅगेत सुकी मासोळी असायची. हॉटेलचा अख्खा मजला खिडक्या उघडायचा आणि ही निवांत भात कालवायची.

अशी निडर बाई एकाच गोष्टीला भ्यायली : माझ्या नजरेला. टीव्हीवरच्या तिसऱ्या मॅचनंतर तिचा फोन आला.

"भाऊजी, मी आऊट झाली तवा तुम्ही कुठी होते?"

"टीव्हीपुढं."

"अन् पहिल्या मॅचले?"

खोटं न बोलता येणं हा माझा जुना आजार. "तवाबी."

"अन् पन्नास मारले त्या दिवशी?"

"म्हैस सुटली होती. तिच्यामागं."

"मंग आजपासून बॉलिंग पाहा. बॅटिंग आली का म्हशीमागं जा."

तेव्हापासून ती पॅड बांधायला लागली की सगळं गाव सासऱ्यांच्या अंगणात टीव्हीपुढं जमायचं आणि मी तळ्याच्या पाळीवर, काठच्या बांधावर. तिथून गावाचा गलका नीट ऐकू येई. पोरांचा आवाज आला की चौकार. सासूबाईंनी थाळी बडवली की षटकार. एकदम शांतता झाली की ती आऊट, आणि मी घरी निघे. एकदा चंद्रपूरच्या स्टँडवर दुकानातल्या टीव्हीकडे चुकून नजर गेली आणि त्याच बॉलवर तिचा त्रिफळा उडाला. मी लगेच फोन करून गुन्हा कबूल केला. तिनं शिव्या देऊन माफ केलं. मी स्वतःला केलं नाही. वर्तमानपत्रात तिचा बॅटिंगचा फोटो आला तरी मी पान दुमडून ठेवायचो.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यानं तिला थांबवलं. शेवटच्या मॅचच्या सकाळी फोन आला. "भाऊजी, आज बॅटिंगबी पाहा."

"आऊट झाली तं?"

"आज नाई पाह्यली तं मंग कधी पाहान?"

मी अंगणात बसलो तेव्हा लोक असे सरकले जणू मी साथीचा रोग घेऊन आलो होतो. बायकोनं हळूच विचारलं, "फक्त एक डोळा उघडा ठेवला तं नाई चालणार का?" मेहुणी मैदानात आली. जिंकायला बऱ्याच धावा हव्या होत्या. मी पाहिलं. कंबर वळवून, जाळं उलगडावं तसा तिनं बॅटनं बॉल भिरकावून दिला. थाळी बडवली गेली. तिचे सगळे फटके असेच मोकळे, सासऱ्यांच्या हाताचे. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत ती आऊट झाली नाही. भारत जिंकला.

अंगण नाचत होतं. मी मात्र बसून राहिलो. माझ्या पाहण्यात काहीच नव्हतं तर. पाळीवरच्या त्या सगळ्या संध्याकाळी उगाच गेल्या.

फोन वाजला. "भाऊजी, पाह्यलं?"

"पाह्यलं. पुरं."

"कशी खेळली?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला मला कधी विचारताच आला नव्हता.

"आवाजावरून जशी वाटे ना बाई," मी म्हणालो, "त्याहून लई चांगली."

तिकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. या शांततेचा अर्थ मात्र मला पाळीवर कधी शिकायला मिळाला नव्हता.