नखभर मागे

बडोद्यात पाणीगेटला मानसिंगराव शिर्क्यांच्या घरी पाहुण्याला बसायला खुर्ची मिळायची, सोफा नाही. सोफ्याच्या जागी सागवानी घडवंचीवर एक इंजिन होतं. जुन्या छोट्या मोटारीचं, तीन सिलिंडरचं, आठशे सीसीचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते गाडीत जायचं आणि शर्यत संपली की चार माणसांच्या हातांवर परत घरी यायचं. पद्माकाकूंनी त्याच्यासाठी जुन्या पातळाचं आच्छादन शिवलं होतं, आणि ते शिवल्याबद्दल त्या आल्यागेल्याकडे तक्रारही करायच्या.

"लोकांकडे शोकेस असतं, आमच्याकडे हे. दसऱ्याला हार पहिला याला."

"तुला घातला नाही का मी हार?" मानसिंगराव आतून म्हणायचे.

"घातला की. लग्नात. एकदा."

मानसिंगरावांचे पणजोबा संस्थानाच्या पागेत होते, वडील रेल्वेत. स्वतः मानसिंगरावांनी चौतीस वर्षं डिझेल शेडमध्ये काढली. तिथे त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. चालत्या इंजिनाच्या कुशीला तळहात लावायचा आणि डोळे मिटायचे. मग सांगायचं, "तिसऱ्यात गडबड आहे." उघडलं की तिसऱ्यात गडबड असायची. निवृत्त झाल्यावर हाताला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी भंगारातून हे आठशेचं इंजिन आणलं आणि नऊ वर्षं त्याच्याशी खेळत राहिले. मांडवीच्या सोनाराकडून तराजू आणून त्यांनी तिन्ही पिस्टन वजनाला रतीभर फरक न ठेवता सारखे केले. व्हॉल्व्ह हातानेच घासले, बोटाला आरशासारखे लागेपर्यंत. दुपारी जेवून आडवे झाले की गळ्यात घुंगरू बांधल्यासारखा त्याचा आवाज त्यांच्या झोपेतून फिरायचा, आणि झोपेतसुद्धा उजव्या हाताचा अंगठा हलत असायचा, काहीतरी जुळवत असल्यासारखा.

हे इंजिन ज्या गाडीत बसायचं ती गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा. त्याला चार उघडी चाकं, आणि डोक्यावर तिरप्या पत्र्याचा पंख, वळणात गाडी मातीला दाबून धरायला. परदेशात यांना स्प्रिंट कार म्हणतात. सावली गावाच्या पुढे एका बंद वीटभट्टीच्या जागेवर तांबड्या मातीचा लंबगोल ट्रॅक आखून सात जणांनी अशा सात गाड्या बांधल्या होत्या. नोकऱ्या सांभाळून, रविवारचे रविवार. मानसिंगरावांची गाडी त्यांची पुतणी चालवायची, तिचं नाव पूर्वी. सव्वीस वर्षांची, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. हंगामातल्या पाच शर्यती झाल्या होत्या, पाचही तिने जिंकल्या होत्या.

म्हणून तर डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी ट्रॅकवरच्या कडुलिंबाखाली बैठक बसली.

"विषय एकच, इंजिन," हेरंब म्हणाला. तो कारखान्यात मापनयंत्रं सांभाळायचा, त्यामुळे नियमांची वहीही त्याच्याच मांडीवर. "पाचपैकी पाच एकाच गाडीने घेतल्या. बाकीचे सहा जण काय माती खायला येतो?"

"मी फाफड्यासाठी येतो," उन्मेष म्हणाला. उन्मेषचं डभोईला स्पेअर पार्टचं दुकान. पाचही शर्यतींत तो शेवटचा आला होता आणि त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं.

अनुज उठून उभाच राहिला. "बाइकचं इंजिन लावू द्या. सहाशे सीसी, चार सिलिंडर, वजन निम्मं. काकांना तेवढंच गाठू शकेल."

"गाठेल. सरळ रस्त्यावर," मानसिंगराव म्हणाले. "ते वर जाऊन किंचाळतं, अनुज. मातीच्या वळणातून निघताना खालचा जोर लागतो. किंचाळून बैल उठतो का?"

"काका, तुम्हाला दोन चाकांचाच राग आहे."

"राग कसला! तुझ्या काकूला मागे बसवून एकदा पडलो, तेवढंच."

हसणं थांबल्यावर हेरंबने विचारलं, "तुला एक बाइकचं इंजिन मिळेल रे, अनुज. बाकी सहा कुठून आणायची?" अनुज खाली बसला आणि फाफड्याची पुडी स्वतःकडे ओढून घेतली.

मग हेरंबने स्वतःचा नियम वाचला. सगळ्यांनी आठशेचंच इंजिन लावायचं, कंपनीतून निघालं तसं. हेडच्या बोल्टांतून तार ओवायची, तारेला शिशाचं सील. हंगाम संपेपर्यंत आत कोणी हात घालायचा नाही.

"आणि मी रविवारी काय करू?" मानसिंगरावांनी विचारलं. "तारेला पॉलिश?"

"काका, सगळ्यांना सारखंच."

"सारखं इंजिन नसतंच, हेरंब. एका साच्यातली दोन इंजिनं आण, हात लावून सांगतो कुठलं रुसलंय ते. सील लावलंस तर रुसलेलं जन्मभर रुसलेलंच राहणार."

टायरवर बसलेल्या पूर्वीने हात वर केला. "मी बोलू?"

"मत गाडीला एकच, आणि तुमच्या गाडीचं मत काकांचं," हेरंब म्हणाला.

"मत नाही, नियम सांगते. जो शेवटचा येईल, त्याने मागितलं तर जिंकणाऱ्याने आपलं इंजिन त्याला द्यायचं. बदल्यात त्याचं घ्यायचं. गाड्या टेम्पोत चढायच्या आत मागायचं, नाही मागितलं तर हक्क गेला. मग इंजिनात कोणी किती जीव ओतायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं."

उन्मेषचा घास हातातच राहिला. मानसिंगराव पुतणीकडे बघत होते.

"हे तू घरी का नाही बोललीस?"

"घरी कसं बोलू? ते ऐकत बसलेलं असतं."

सगळे हसले. ते दोघं नाही हसले. चहाच्या निमित्ताने मानसिंगराव तिला बाजूला, भट्टीच्या पडक्या धुराड्यापाशी घेऊन गेले.

"तुला माझं इंजिन घालवायचंय?"

"मला फक्त कळायला हवंय, काका. जिंकतं कोण? मी, की ते? पाच करंडक आहेत माझ्या खोलीत, आणि एकाही करंडकाला मी हे विचारू शकत नाही. तुम्हाला तरी ठाऊक आहे?"

मानसिंगरावांनी धुराड्याच्या विटेवर तळहात ठेवला, सवयीने. वीट गार होती. त्यांना ठाऊक नव्हतं.

मतं पडली. सीलला तीन, अदलाबदलीला तीन. सातवं मत मानसिंगरावांचं. सील झालं तर इंजिन घरी राहणार, पण त्यांचा हात बाहेर. अदलाबदल झाली तर हात आत, पण इंजिन एका शर्यतीच्या अंतरावर. त्यांनी बराच वेळ ट्रॅककडे पाहिलं. सकाळचं ऊन मातीवर तरंगत होतं, आणि दूर कुणी गाडी तापवत होतं, त्याचा आवाज उन्हाबरोबर हलत होता.

"अदलाबदल लिही," ते म्हणाले.

पुढची शर्यत उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या, रविवारी होती. कडुलिंबात पतंगांचा मांजा अडकलेला, दोन फाटके पतंग वाऱ्यावर फडफडत होते. आदल्या रात्री पद्माकाकूंनी आच्छादन काढताना विचारलं होतं, "परत येणार ना हे?" आणि मानसिंगराव "बघू" म्हणाले होते. आयुष्यात इंजिनाबद्दल ते पहिल्यांदाच "बघू" म्हणत होते.

पूर्वी हेल्मेट आणायला गेली तेव्हा ते गाडीपाशी एकटे होते. त्यांनी पाना काढला. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला, अख्खं डबडं नखभर मागे फिरवलं, बोल्ट पुन्हा आवळला. एवढंच. ठिणगी आता जरा उशिरा पडणार, इंजिन वळणातून उठताना जांभई देणार. हेरंबची गाडी नेहमी दुसरी यायची, ती आज पुढे जाईल. पूर्वी दुसरी येईल. दुसऱ्याला कोणी काही मागत नाही.

हात पुसताना त्यांनी इंजिनाकडे पाहिलं नाही.

हिशोब चोख होता, फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. शर्यतीच्या आधी, दुपारी दोनला, गावातला टँकर येऊन ट्रॅकवर पाणी मारायचा. ओली माती चाक पकडते. ओल्या मातीत ज्याच्या इंजिनात जोर, तो पुढे. अडीच वाजले, टँकर नाही. हेरंबने फोन लावला.

"लग्नात आहे," फोन ठेवत तो म्हणाला. "कमुरता उतरले ने! महिनाभर मुहूर्त नव्हता, आज गावात चार लग्नं. टँकर लग्नाच्या वाडीवर पाणी पोचवतोय."

"मग?"

"मग काय, कोरड्यात पळवू."

बडोद्यात साठ वर्षं काढलेल्या माणसाने उत्तरायणानंतरचा पहिला रविवार लग्नाचा असतो हे विसरावं! मानसिंगराव कडुलिंबाला टेकले. वारा सुटला होता. ट्रॅकची वरची माती पिठासारखी उडून जात होती आणि खालची पाठ गुळगुळीत, काचेसारखी चमकू लागली होती.

पंधरा फेऱ्या. झेंडा पडला आणि सात गाड्यांनी तांबड्या धुळीचा एक डोंगर उभा केला. डोंगराच्या आतून गाड्या निघत, पुन्हा आत शिरत. हेरंबने वळणातून जोर दिला की त्याची मागची चाकं नुसती जागच्या जागी भिरभिरत, गाडी आडवी होई, पुन्हा सावरे. अनुज दोनदा गिरकी खाऊन उलट तोंड करून उभा राहिला, तरी तिसऱ्यांदा निघालाच. सगळ्यांचा जोर काचेवरून घसरत होता. आणि त्या सगळ्यांच्या आतल्या बाजूने, ट्रॅकच्या खालच्या कडेला थोडी ओल शिल्लक होती तेवढ्या पट्ट्यावरून, पूर्वीची गाडी चालली होती. पळत नव्हती, चालली होती. आळसावलेलं इंजिन, मातीला चिकटलेली चाकं. धुळीतून गाळलेलं ऊन येत होतं आणि त्या सोनेरी पडद्यामागे ती गाडी इतकी हळू, इतकी शांत दिसत होती की मानसिंगरावांना वाटलं, ही शर्यत नाहीच, कुणीतरी लेकराला मांडीवर घेऊन झुलवतंय. दहाव्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे होती. पंधराव्यालाही.

हेल्मेट काढलं तेव्हा पूर्वीचे फक्त दात पांढरे होते. ती धावत आली.

"काका! कसं ओळखलंत? टँकर येणार नाही, माती सुकणार, म्हणून जोर कमी करून ठेवायचा, कसं ओळखलंत?"

मागून सगळे आले. "मास्टरस्ट्रोक!" अनुज ओरडला. "आम्ही जोर वाढवत बसलो आणि काकांनी कमी केला!" कुणी त्यांच्या खांद्यावर थाप मारली, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. मानसिंगरावांनी बाटली घेतली, झाकण उघडलं, पाणी न पिता परत लावलं.

"मी माती ओळखली नाही," ते म्हणाले.

"काय?"

"ठिणगीचं टायमिंग मी मागे केलं. तू दुसरी यावीस म्हणून. इंजिन घरी राहावं म्हणून."

धूळ अजून हवेत होती.

"आ तो चीटिंग कहेवाय!" अनुज म्हणाला.

हेरंबने वही उघडली, पानं उलटली, पुन्हा मागे उलटली. "इंजिन जोरदार करण्यावर अकरा नियम आहेत," तो हळूच म्हणाला. "कमजोर करण्यावर एकही नाही. असं कुणी करेल, हे सुचलंच नव्हतं."

पूर्वी काकांकडे बघत होती. "पहिल्याच फेरीत कळलं मला. वळणातून उठताना जांभई दिली त्याने. म्हणून मी वरची लाइन सोडली, खाली ओलीवर आले, पाय हलका ठेवला." तिने तोंडावरची धूळ पुसली. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी केलंत."

"नाही," मानसिंगराव म्हणाले. "आणि तरीही तू जिंकलीस. उत्तर मिळालं तुला."

"तुम्हाला?"

त्यांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि टेम्पोंच्या दिशेने निघाले.

पलीकडे टेम्पोची फळी खाली आली होती. उन्मेषची गाडी आजही शेवटची. ती त्याने फळीशी आणून लावली होती. मानसिंगराव जवळ आलेले पाहून तो घाईघाईने म्हणाला, "काका, मी काही मागत नाही. जवा दो ने, राहू द्या. तुमच्या घरचं आहे ते. काकूंना काय तोंड दाखवू?"

गाडीची पुढची दोन चाकं फळीवर चढली होती. अजून चार हात, की हक्क गेला. मानसिंगरावांनी पुढे होऊन चाकाखाली वीट सरकवली.

"माग."

"अहो काका..."

"माग म्हणतो ना. मत माझं होतं. आज मी ते मोडायला निघालो होतो. आता तू न मागून मला मोडू देऊ नकोस."

उन्मेषने हात पँटला पुसले. मुलगी मागायला आल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, "काका, तुमचं इंजिन द्या."

"दिलं."

त्यांनी खिशातून पाना काढला आणि पूर्वीच्या गाडीकडे निघाले. "थांब, आधी टायमिंग जागेवर आणून देतो. असं मागे ठेवून कसं देऊ."

"आणा जागेवर," पूर्वी मागून म्हणाली, "पण आजची जागाही सोडू नका. उन्मेषभाईंना दोन खुणा करून द्या. एक ओल्या मातीची, एक सुक्या मातीची."

मानसिंगरावांनी डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवला, डोळे मिटून जागा जुळवली आणि खिळ्याच्या टोकाने बारीक रेघ ओढली. मग खिळा पूर्वीच्या हातात दिला.

"सुक्याची तू ओढ. ती मला ठाऊक नाही."

ती वाकली. रेघ ओढताना तिची जीभ दातांत होती. मानसिंगराव तोवर उन्मेषच्या गाडीशी गेले, त्याच्या इंजिनाच्या कुशीला तळहात लावला. गरम होतं, काळं, तेलाने ओलं.

"तेल किती पितं हे?"

"खोटं नाही बोलत काका," उन्मेष म्हणाला, "विचारू नका."

"चालू कर," मानसिंगराव म्हणाले, आणि डोळे मिटले.