मोठेबाबांची राहिलेली खेप

या ग्रुपवरचे अनुभव मी नेमाने वाचतो, पण घाबरायला नाही... हसायला. पांढरी साडी, पडकी विहीर, पैंजणांचा आवाज – जेवताना बायकोला वाचून दाखवतो आणि दोघं मिळून खालच्या कमेंट्सची मजा घेतो. एक दिवस मीच इथे लिहायला बसेन असं कोणी म्हटलं असतं तर त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण सध्या मी इतका वैतागलोय की कुठेतरी ओकून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही. आणि आधीच सांगतो, मला भीती वगैरे काही वाटलेली नाही. मला राग आलाय. तोही भुताचा नाही, कस्टमर केअरचा.

मी वाशिमला राहतो, एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो. घटना घडली जऊळक्याला. तिथे स्टेशनच्या बाजूला माझ्या मोठेबाबांचं घर आहे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको ती मोठीमाय. दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळे हक्काचा पोरगा मीच. मोठेबाबांनी उभी हयात ट्रक चालवले. सोयाबीन, कापूस, संत्री, सिमेंट, जे मिळेल ते. पुढे शुगरने उजवा पाय गुडघ्याखालून गेला आणि हातातलं स्टिअरिंग सुटलं. माणूस खाटेवर पडल्या पडल्या भिंतीशी भांडायला लागला. जेवण समोर आलं की ताट सरकवून द्यायचे आणि मोठीमाय स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

म्हणून मी माझा जुना गेमचा कन्सोल त्यांच्याकडे नेला. टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग, खाली ठेवायची पेडलं, सगळं आणलं आणि ट्रक चालवायचा एक गेम ऑनलाइन विकत घेतला. 'खरेदी करा' असं लिहिलेलं बटण दाबून, माझ्या कार्डाने, पूर्ण किंमत मोजून. हे ध्यानात ठेवा. अकाउंट मात्र त्यांच्या नावाचं काढावं लागलं. "गाडी म्या चालवाची आन् नाव तुह्यं काहून?" असा त्यांचा सवाल होता.

पाय नव्हता म्हणून रेस मी स्टिअरिंगमागच्या खटक्यावर लावून दिली. पेडलं नुसतीच खाली पडून असायची. त्यांना मान फक्त दसऱ्याला. मोठेबाबा दरवर्षी त्या स्टिअरिंगची पूजा करायचे... हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ना? इथे चाक कुठून आणणार! म्हणून लिंबू रेसच्या पेडलखाली ठेवायचे आणि वाकून हाताने दाबून चिरडायचे. मी हसलो की म्हणायचे, "हासू नोको बे. गाडी म्हंजे गाडी."

गेममधली गावं परदेशातली, पाट्या इंग्रजीत. मोठेबाबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. पूल असलेलं गाव त्यांचं हिंगोली, धुकं असलेलं चिखलदरा आणि बर्फ असलेलं काश्मीर. मध्येच गाडी सोडून दुसरी खेप घेणं त्यांना मंजूर नव्हतं. एकदा घेतलेला माल पोचवायचा म्हणजे पोचवायचा. माणूस जेवायला लागला, हसायला लागला. मोठीमाय मला म्हणाली, "निलू, तुह्या त्या डब्यानं माह्या घरात मानूस वापस आनला."

मोठेबाबा चैत्रात गेले. दोन ट्रॅक्टर लादून काश्मीरला निघाले होते. मध्येच गाडी कडेला लावली, "जेवून घेतो," म्हणाले, आणि कुबडी हातात घेता घेताच कोसळले. आम्ही त्यांना पोचवून परत आलो तरी टीव्ही सुरूच होता. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा आणि त्याचे पिवळे दिवे लुकलुकतायत. त्याच्याकडे कोणाच्याच्यानं बघवेना. शेवटी लाइट गेली तेव्हा टीव्ही आपोआप बंद झाला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोर बाभळीवर सात-आठ बसलेले, एकही खाली येईना. माझ्या वडिलांनी हात जोडून सगळं बोलून पाहिलं. वहिनीला सांभाळतो, वर्षश्राद्ध नीट करतो, घराचं छप्पर करून घेतो... ढिम्म. ऊन मी म्हणत होतं. नातेवाईक घड्याळं बघायला लागले. माझं डोकं सटकलं आणि मी ओरडलो, "मोठेबाबा, तुमचे ट्रॅक्टर मी पोचवतो! झालं?"

कावळा आला. सरळ पिंडावर बसला.

आता कावळ्याला भूक लागली की तो येतो, यात चमत्कार काय? मी तेव्हाही हेच म्हटलं होतं. पण घरी जाईपर्यंत ही बातमी माझ्या आधी मोठीमायपर्यंत पोचली होती.

तेरावं झालं आणि मी कन्सोल लावला. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. तर गेमच्या चित्रावर कुलूप! खाली ओळ – हा गेम आता उपलब्ध नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की गेम विकणारी कंपनी आणि गेम बनवणारी कंपनी यांचं फाटलं. म्हणून दुकानातून गेम काढला तो काढला, ज्यांनी विकत घेतला त्यांच्याकडूनही काढून घेतला. त्याची सूचना म्हणे ईमेलवर पाठवली होती. मिळाली, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात. मी चॅटवर गेलो. (चॅट इंग्रजीत होतं, इथे मराठीत लिहितो.)

"मी पैसे भरून घेतलाय हो गेम."

"सर, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो. तुम्ही गेम नव्हे, गेम वापरण्याची परवानगी घेतली होती."

"बटणावर 'खरेदी करा' लिहिलं होतं!"

"सर, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो."

सांगा, यावर माणसाने डोकं कुठे आपटायचं? पुढे म्हणाले, खातेदाराशी बोलू द्या. मी म्हटलं, ते वारले. म्हणाले, तसा पुरावा द्या. आता आपल्याकडे माणूस गेला की बँक असो, विमा असो, लाइटचं मीटर असो, जिथे तिथे मृत्यूचा दाखला जोडायची सवय. मीही मुकाट्याने जोडला. त्यांनी तत्परतेने दुःख व्यक्त केलं आणि खातेदार हयात नाही म्हणून आख्खं अकाउंटच बंद करून टाकलं. आधी गेम गेला होता, आता त्यांचं नाव, त्यांचा ट्रक, ते रस्त्यावरचे ट्रॅक्टर, सगळं गेलं.

कोणी म्हणेल, दुसरीकडून तोच गेम मिळवायचा. तेही केलं, कसं ते विचारू नका. तर त्यात नवा कोरा ट्रक आणि रिकामा रस्ता. मोठीमायने टीव्हीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हे त्याची गाडी नोय. त्याची गाडी कुठी हाय?"

आणि खरी पंचाईत इथून सुरू झाली. मोठेबाबा खेपेवर असले की मोठीमाय घराच्या दाराला कधी कडी लावत नसे. नुसतं लोटून ठेवायची. थकून आलेल्या माणसाला बाहेर उभं राहावं लागू नये, एवढंच. मी कावळ्याला शब्द दिला त्या दिवसापासून तिने पुन्हा कडी लावणं बंद केलं. एकटी बाई, स्टेशनचा रस्ता, दिवसरात्र येणारे जाणारे... आणि दार उघडं! आम्ही वाशिमला चल म्हणून हात जोडले. ऐकेल तर शपथ.

"मोठीमाय, अगं तो गेम होता. खेळणं होतं."

"मंग कावड्याले काहून सांगतलं तू?"

याला उत्तर आहे का कोणाकडे? वडील रोज मला फोनवर झापायचे – तुले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले! पावसाळ्यात एकदा खरंच कोणीतरी घरात शिरून गॅसचं सिलिंडर उचलून नेलं. मोठीमाय तेव्हा आतच झोपली होती. तरी दुसऱ्या दिवशी दार लोटलेलंच. माझी झोप उडाली. एका म्हाताऱ्या बाईचा जीव माझ्या एका वाक्यावर टांगला होता आणि त्याची किल्ली कुठल्यातरी परक्या देशातल्या कंपनीकडे.

दसऱ्याला मी जऊळक्याला गेलो ते ठरवूनच. म्हटलं, आज हे सगळं सामान उचलून वाशिमला नेतो. नजरेसमोर नसलं की विसरेल. गेलो तर मोठीमायने स्टिअरिंग पुसूनबिसून हार घातलेला. रेसच्या पेडलखाली लिंबू.

"पूजा होऊ दे, मंग ने," म्हणाली.

भर दुपार. मी कन्सोल पिशवीत घातला, स्टिअरिंगची वायर काढली आणि हाताच्या पंजावर गुंडाळत उभा राहिलो. तोंडाने माझी बडबड चालूच होती... कंपनी अशी, दुनिया तशी. मोठीमाय पलीकडे पाटावर बसून उदबत्ती लावत होती.

आणि पेडल खाली गेलं.

झटक्यात नाही. सावकाश. घाटात भरलेली गाडी उठवताना ड्रायव्हर रेस देतो ना, तसं दबत दबत खालपर्यंत गेलं. लिंबू फुटलं, रस फरशीवर पसरला. थोडा वेळ पेडल तसंच दाबलेलं राहिलं आणि मग वर आलं. वायर माझ्या हातात होती. तिचं टोक माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होतं.

मी आधी बसलो आणि ते पेडल तपासलं. स्प्रिंग एकदम कडक. लिंबाएवढं वजन तर सोडाच, बोटाने दाबूनही जाईना, तळहात लावावा लागला. मांजर नाही, उंदीर नाही. तेवढ्यात खिशात फोन वाजला. कंपनीचा ईमेल. उघडला.

त्यात लिहिलं होतं की तुमच्या बंद अकाउंटवरून गेम वापरला गेल्याचं आढळलं आहे. खातेदार हयात नसल्याने हा दुसऱ्या व्यक्तीने केलेला गैरवापर धरला जाईल. म्हणून त्याच कार्डाला जोडलेलं दुसरं अकाउंट – म्हणजे माझं! – निलंबित करण्यात येत आहे. खाली वापराचा तपशील. खेप पूर्ण. माल, ट्रॅक्टर दोन. मालाचं नुकसान, काही नाही.

मी ते मोठीमायला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"माल शाबूत पोचला नं?"

"हो. तसं लिहिलंय."

"खरचटलं नाही नं कुठी?"

"नाही."

ती उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली आणि भर दुपारी आतून कडी लावली. मग तिथेच उंबऱ्यापाशी बसली आणि मोठेबाबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी मूर्खासारखा म्हणालो, "मोठीमाय, पण त्यांनी माझेही सगळे गेम घेतले गं. पैसे भरलेले. आता आपलं काहीच नाही राह्यलं त्यात."

पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "गाडी कवा आपली होती बावा? साऱ्या जिंदगीत शेठच्याच गाड्या चालवल्या त्यानं. माल उतरवला का चाबी देऊन याची. देल्ली असन त्यानं चाबी."

दिवाळीनंतर ती आमच्याकडे वाशिमला आली. रात्री सगळ्यांच्या आधी तीच कडी लावते. ती सुटली. मी अडकलोय. कारण माझी तिच्यासारखी समजूत पटत नाही हो! चॅटवर मी अजून भांडतोय.

"हा गेम कोणालाही खेळता येत नाही, बरोबर?"

"बरोबर, सर. तो कायमचा काढला आहे."

"मग माझं अकाउंट कशाला बंद केलं?"

"कारण तो खेळला गेला, सर."

"कसा?"

"सर, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो."

इंजिनिअर मित्रांना विचारलं. एक म्हणाला, जुनी नोंद उशिरा पोचली असेल. पण खेप तर अर्ध्यावर उभी होती, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पूर्ण झाल्याची नोंद आली कुठून? आणि लिंबाचं काय? तुमच्यापैकी कोणाकडे पटेल असं उत्तर असेल तर खुशाल सांगा, मी ऐकायला तयार आहे. फक्त मला समजून घेऊ नका, ते ऐकून कान किटलेत.

परवा चॅटवर त्यांनी शेवटचं विचारलं. अकाउंट परत हवं असेल तर त्या दिवशी ते नेमकं कोणी वापरलं, ते सांगा. मोठीमाय बाजूलाच शेंगा फोडत बसली होती. मी लिहिलं – ज्याचं होतं त्याने.

त्यानंतर उत्तर आलेलं नाही.