सपाट पान

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घरात लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्सखाली, पळसाचं एक वाळकं पान आहे. बिडीसारखं गुंडाळलेलं. साफसफाई निघाली की घरातलं कुणीतरी ते फेकायला काढतं आणि मी ओरडते. एवढ्या तेवढ्यावरून ओरडायची सवय जुनीच आहे, पण या पानापायी मी खरोखरच ओरडते.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या एका गावात मी शाळेवर होते. आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी घर गाठायचं, असा नेम होता. गावच्या वन समितीनं रविवारची जंगलफेरी सुरू केली आणि माझा नेम मोडला. गोंदियाहून बँकेतली, दुकानांतली, शाळांतली माणसं यायची. पहाटे दोन तास चालायचं, पाखरं बघायची, वाटेत कुणी लावलेला तारेचा फास दिसला तर काढायचा. परतताना अर्धा तास जाळरेषेवरचा पाचोळा झाडून काढायचा. जाळरेषा म्हणजे जंगलात मुद्दाम मोकळा ठेवलेला रुंद पट्टा. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो तिथं अडावा म्हणून. नुसतं बघून जायचं असेल तर टीव्ही बघा, असं समितीचं म्हणणं होतं. शिवाय जिथं दर रविवारी वीस माणसं पाय वाजवत जातात, तिथं चोरून झाड तोडणाराही बिचकतो. पहिल्या दोन हिवाळ्यांत त्या वाटेवर नवं खोड पडलेलं मी पाहिलं नाही.

वाट दाखवायची ती गावातलीच एक गोंड बाई. पन्नाशीची, काटक, हातात बांबूची काठी. गाव तिला मावशी म्हणायचं. तिचा धंदा पत्रावळी टाचायचा, त्यामुळे दिवसभर तिच्या बोटांत पानंच पानं. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि वीसच्या पुढे मोजायचा तिला कंटाळा होता. म्हणून तिनं स्वतःची एक रीत काढली होती. फेरी निघताना ती प्रत्येकाच्या हातात पळसाचं एकेक पान द्यायची. परत आल्यावर प्रत्येकानं ते तिच्या टोपलीत टाकायचं. वाटायला घेतलेला गठ्ठा पुरा परत आला की माणसं पुरी परत आली. एक पान कमी म्हणजे एक माणूस अजून आत आहे.

मी मास्तरीण. हजेरीपटाशिवाय मला माणसं दिसतच नाहीत. मी तिला म्हटलं, "मावशी, मी रजिस्टर आणते. नावं लिहू, टिक करू."

"तुमचं रजिस्टर बोलते का मॅडम? पान बोलते," ती म्हणाली.

मी हसले. पान काय बोलणार? मी तर बोलता बोलता ते पान बोटांत गुंडाळून त्याची पार बिडी करून टाकायची. हात रिकामा राहिला की मला करमत नाही.

वनरक्षकानं समितीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक जरी माणूस हरवला किंवा त्याला काही झालं, तर फेरी त्या दिवसापासून बंद. त्यामुळे मावशीचा एक नियम कडक होता. एकट्यानं मागे फिरायचं नाही. काहीही विसरलं तरी नाही.

जानेवारीतला एक रविवार. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची. बोडीवर, म्हणजे आमच्याकडच्या लहानशा तळ्यावर, आम्ही थांबलो होतो. तिथून निघून बरंच पुढे आल्यावर माझा हात गळ्याशी गेला, गळा रिकामा. शाळेची दुर्बीण मी बोडीकाठच्या दगडावर ठेवून आले होते. माझ्या सहीनं घेतलेली. खरं सांगते, त्या क्षणी मला वाघापेक्षा हेडमास्तरांची भीती जास्त वाटली. मावशीला सांगितलं असतं तर ती सगळ्यांसमोर बोलली असती, आणि मला ऐकून घ्यायची सवय नाही, ऐकवायची आहे. माझ्या मागे गोंदियाचे एक बँकवाले चालत होते. त्यांना हळूच म्हटलं, "भाईसाब, मेरा पत्ता टोकरी में डाल देना. मैं अभी आयी." आणि निघाले. जाता जाता माझं पान त्यांच्या हातात पडलं. सकाळभर हात आधी दुर्बिणीत आणि मग थंडीनं शालीत, ते गुंडाळायचं राहूनच गेलं होतं.

दुर्बीण मिळाली. परतीची वाट मात्र मिळाली नाही. गुरांच्या पायवाटेला मी आमची वाट समजले आणि बांबूच्या बेटात जाऊन अडकले. समोर वारूळ ताजं उकरलेलं, माती अजून ओली. अस्वलाचं काम, हे कळण्याइतकं शिक्षण मला मावशीकडून मिळालं होतं. हाक मारायला तोंड उघडलं. मग सुचलं की हाक ऐकणार तरी कोण? टोपलीत पानं पुरी भरली असतील, बँकवाले गाडीत बसून गोंदियाला निघालेही असतील. मावशीच्या हिशेबानं मी केव्हाच घरी पोचले होते. मला कुणीही शोधायला येणार नव्हतं आणि ही व्यवस्था मी स्वतःच्या हातानं केली होती. मी खाली बसले आणि रडले.

किती वेळ गेला कोण जाणे. धुकं विरलं, ऊन वर आलं. मग लांबून खट्‌ खट्‌ आवाज आला. चालताना झाडांच्या बुंध्यांवर काठी वाजवायची मावशीची सवय होती, अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून. मी जीव खाऊन ओरडले.

ती आली ती थेट अंगावर. "कायले मांगं फिरली तू? काऊन सांगतलं नाई?" आजवर मला मॅडम आणि तुम्ही म्हणणारी ही बाई. मी तिचा हात धरला.

"मावशी, पानं तर पुरी भरली असतील ना? मग तुला कसं कळलं?"

"सगळे भरले. पन सगळेच सपाट होते. तुह्या हातचं पान कदी सपाट राह्यते का? सगळी टोपली उलटी केली, बिडी नाई सापडली. मंग आली."

गावात वनरक्षक उभाच होता. मावशीनं मला तोंडच उघडू दिलं नाही. "माही चूक हाये साहेब. पान ज्याचं त्याच्या हातून घ्याले पायजे होतं, मी नाई घेतलं. मले काढा, फेरी बंद नोका करू." मी मान खाली घालून उभी होते. मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई, आणि तोंडाला कुलूप. ते चार-पाच श्वास मला आजही टोचतात. शेवटी म्हणाले, "तिची चूक नाही. मी नियम मोडला, चोरून गेले, दुसऱ्याच्या हाती पान दिलं. मला बंद करा."

वनरक्षकानं दोघींकडे पाहिलं. मग म्हणाला, मॅडमना महिनाभर फेरी बंद, झाडू मात्र चालू. चार रविवार मी एकटीनं गावाजवळची जाळरेषा झाडली. हाताला फोड आले. इतक्या आनंदानं मी कुठलीच शिक्षा भोगली नाही. मावशी मला त्या दिवसापासून तूच म्हणायची, आणि मला ते पदवी मिळाल्यासारखं वाटायचं.

पुढे पाच-सहा वर्षं मी फेरीला गेले. मावशीचे गुडघे गेले तेव्हा वाट तिच्या सुनेनं धरली. मावशी नाक्यावर टोपली घेऊन बसायची आणि पान ज्याच्या त्याच्या हातून घ्यायची, अगदी पाहुण्या साहेबांच्याही.

माझी बदली झाली. शेवटच्या रविवारी मी परत आले, गुंडाळलेलं पान पुढे केलं. "जय सेवा मावशी, येते," असा तिच्या गोंडांचा नमस्कार केला. तिनं टोपलीवर हात आडवा धरला.

"जय भीम," तिनं आमच्या घरचा नमस्कार परत केला. "पान ठेव तुह्यापाशी."

"अगं, मोजणीत एक कमी भरेल ना."

"भरू दे कमी. मी बसून राहीन. कोनी यायचं बाकी हाये म्हनून."